हिंमतबहादर गोसावी आणि बुंदेलखंड: 1803 च्या एका कराराचं पूर्ण प्रकरण

4 सप्टेंबर 1803 ला जनरल लेकनं अलीगडचा किल्ला घेतला आणि शिंद्यांची उत्तरेतली कंबर मोडली, हे इतिहास वाचणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच दिवशी शहापूरला अजून एक गोष्ट झाली, ती मात्र आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही. सत्तरीला टेकलेला एक गोसावी, हजारो चेल्यांचा आणि पलटणींचा मालक, त्यानं ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला की मी तुम्हाला बुंदेलखंड घ्यायला मदत करतो, तुम्ही मला माझ्या फौजेच्या खर्चासाठी 20 लाख उत्पन्नाचा मुलूख द्या. सही झाली, दोन-तीन दिवसांत कर्नल पॉवेलची फौज यमुना उतरली, आणि बाजीराव-छत्रसालापासून आपण ज्याला आपलं म्हणत आलो ते बुंदेलखंड महिना-दीड महिन्यात हातचं गेलं.

हा गोसावी म्हणजे अनूपगिरी, किताब हिंमतबहादर. (कोल्हापूरकडच्या लोकांना हिंमतबहादर म्हटलं की चव्हाण घराणं आठवतं, ते वेगळं, उदाजी चव्हाणांचं. किताब सारखा, माणसं आणि मुलूख पूर्ण वेगळे.)

आपल्याकडं त्याचा उल्लेख आलाच तर एका ओळीत येतो, गोसावी फितूर झाला, विषय संपला. मला हे पटत नाही. फितुरी झाली हे खरंच आहे, ती झाकायची गरज नाही, पण ती का झाली आणि मुळात इतका मोठा मुलूख एका भाडोत्री महंताच्या हातात कुणी दिला होता हा प्रश्न विचारल्याशिवाय हे प्रकरण कळतच नाही. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

अनूपगिरी जन्मला बुंदेलखंडातच, कुलपहाडला, साधारण 1734 ला. तिकडं सांगतात की दुष्काळ पडला, बाप आधीच गेलेला, आईनं दोन पोरं राजेंद्रगिरी गोसाव्याच्या हवाली केली, थोरला उमरावगिरी आणि धाकटा अनूपगिरी. आज ऐकायला भयंकर वाटतं पण त्या काळात गोसाव्यांच्या फौजा अशाच भरायच्या. पोरं लहानपणी मठात यायची, चेला व्हायची, गुरूचं आडनाव लागायचं, आणि मग कुस्ती, भाला, घोडा, बंदूक. जातपात, घरदार, वतन सगळं मागं सुटलेलं, आता गुरू हाच बाप आणि गुरुभाऊ हेच भाऊबंद. राजा सरदारांना जहागिरी देऊन निष्ठा विकत घेतो, तरी सरदाराची मुळं त्याच्या गावात असतात, वतनात असतात. चेल्याला मुळंच नसतात, तो फक्त गुरूचा. म्हणून ही फौज फुटायची नाही.

दशनामी म्हणजे गिरी, पुरी, भारती, सरस्वती वगैरे दहा नावांचे शैव संन्यासी. ते फक्त भस्म लावून फिरणारे होते असं समजू नका. यात्रेच्या वाटांवर त्यांचे मठ, त्या मठांतून व्यापार चालायचा, रेशीम, जवाहीर, सावकारी. पैसा आणि माल घेऊन हिंडायचं म्हणजे हत्यार लागणारच. पुण्यात सोमवार पेठेत गोसावीपुरा होता, गोसावी सावकार पेशव्यांच्या सरदारांना कर्ज द्यायचे, त्यामुळं मराठी माणसाला गोसावी सावकार आणि गोसावी शिपाई ही दोन्ही रूपं ओळखीची होती. आणि ही मंडळी आपापसात पण भिडायची. कुंभात आधी स्नान कुणाचं यावरून शैव गोसावी आणि वैष्णव बैरागी यांच्यात एवढी कापाकापी व्हायची की शेवटी सिंहस्थात शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तावर आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर स्नान करायचं अशी वाटणी झाली, ती आजही चालू आहे. राजपूत दरबारांनाही असल्या फौजा हव्याच असायच्या, जयपूरच्या पदरी दादूपंथी नागांची फौज होती. सरदार एकमेकांचे नातेवाईक असतात, ते ऐनवेळी कुठं झुकतील सांगता येत नाही, नागाला तसला प्रॉब्लेम नाही, त्याचा महंत तुमच्या बाजूला तर तो तुमच्या बाजूला. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यावरच फिरतं.

राजेंद्रगिरीचं बस्तान झाशीजवळ मोठ परगण्यात होतं. तिथून त्याला 1750 च्या आसपास हुसकावलं कुणी, तर नारो शंकरांनी, म्हणजे पेशव्यांच्याच माणसानं. अनूपगिरी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. मराठ्यांशी त्याची पहिली ओळख ही अशी. तिथून गुरू-चेले प्रयागला गेले, अहमदखान बंगशाच्या पठाणांनी प्रयागच्या किल्ल्याला वेढा घातला होता तेव्हा राजेंद्रगिरीचे गोसावी किल्ल्याच्या बाजूनं लढले, असे लढले की अवधचा नवाब सफदरजंग खूश झाला आणि त्यानं त्यांना नोकरीत घेतलं. 1753 ला दिल्लीत सफदरजंगाच्या बाजूनं लढताना राजेंद्रगिरी पडला. गादी दोघा भावांकडं आली. उमरावगिरी थोरला, पण डोकं धाकट्याचं चालायचं.

आता पानिपत. सफदरजंगानंतर नवाब झाला त्याचा पोरगा शुजाउद्दौला, आणि शुजा अब्दालीच्या बाजूला गेला, म्हणून गोसावी पण अब्दालीच्या बाजूला. त्याच्या आधी 1759 ला दत्ताजी शिंद्यांनी शुक्रतालला अब्दालीचा दोस्त नजीबखान रोहिल्याला कोंडलं होतं, पेशव्यांचे बुंदेलखंडातले सरदार गोविंदपंत बुंदेले गंगा उतरून नजीबाच्या मुलखात घुसले होते, त्यांना मागं रेटायला शुजानं पाठवलं ते याच गोसावी भावांना. म्हणजे नजीब वाचला त्यात यांचा हात आहे, आणि नजीब वाचला नसता तर पुढचं पानिपत कसं झालं असतं हा विचार मराठी वाचकाच्या मनात येणारच.

पानिपतच्या छावणीत एक प्रकार झाला. शुजाचे नागा उघडे, अंगाला राख फासून अफगाणांच्या तंबूंमधून फिरायचे, अब्दालीला ते अजिबात सहन झालं नाही, हे काफर मुसलमानांसमोर नागवे कसे फिरतात म्हणून त्यानं शुजाला बजावलं आणि गोसाव्यांचा तळ लांब हलवायला लावला. ज्याच्या बाजूनं लढायचं त्यालाच आपण नकोसे. आणि 14 जानेवारी 1761 नंतर विश्वासरावांचं प्रेत सापडलं तेव्हा अफगाण ते पेंढा भरून मायदेशी न्यायचं म्हणत होते, शुजानं मध्ये पडून ते सोडवलं, आणि शुजाच्या पदरचा काशीराज पंडित, जो स्वतः तिथं हजर होता, तो सांगतो की अग्नी देण्याच्या कामात त्याच्या जोडीला अनूपगिरी होता. आयुष्यभर कुणाच्याही बाजूनं लढलेला हा माणूस, पण शत्रूच्या राजपुत्राला रीतसर अग्नी मिळाला पाहिजे यासाठी विजयी फौजेच्या गर्दीत उभा राहिला. मी त्याच्या बाकीच्या हिशेबात हे विसरायला तयार नाही.

बक्सारला, शुजा इंग्रजांशी लढला तेव्हा, 23 ऑक्टोबर 1764, अनूपगिरीच्या मांडीला जखम झाली होती, फौज मोडली होती आणि शुजा रण सोडायला तयार नव्हता. त्यानं शुजाला पटवलं की आता फुकट मरण्यात काही अर्थ नाही, निघा, नंतर सूड घेता येईल. शुजा नावांच्या पुलावरून पार झाला. यावरून निदान एवढं कळतं की मालकाशी बांधिलकी होती तेव्हा ती जिवापाड होती.

पुढची वीस वर्षं भराभर सांगतो. मालक बदलत गेले, मध्ये भरतपूरचा जवाहिरसिंग जाट, परत शुजा, 1775 ला शुजा गेल्यावर दिल्लीत मिर्झा नजफखान, 1782 ला नजफखान गेल्यावर दिल्ली दरबारात नुसती मारामारी. त्या गोंधळात महादजी शिंद्यांना बादशहा शाहआलमपर्यंत आणायच्या बोलणीत अनूपगिरी मधला माणूस होता. 1784 च्या डिसेंबरात महादजी वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचे सर्वाधिकारी कारभारी, झाले. गोसाव्याला वाटलं आपण किंगमेकर, आता आपली चांदी. महादजी कुणाचं उपकाराचं ओझं डोक्यावर घेऊन बसणारे नव्हते, त्यांनी उलट त्याच्या जहागिरींचे हिशेब मागायला सुरुवात केली, फौज किती दाखवतोस आणि प्रत्यक्षात किती आहे. बनारसच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं नंतर त्याच्याबद्दल लिहिलं की हा माणूस नदी उतरताना कायम दोन नावांत पाय ठेवतो. ते खोटं नाही, पण ज्या नावा त्याला मिळाल्या त्या एकामागून एक बुडत होत्या हेही खरं.

मग आलं 1789, मथुरा. या प्रकरणाची खरी गाठ इथं बसली.

महादजी आजारी पडले. अंगावर गळवं उठली, झोप नाही, हकीम-वैद्य थकले, आराम काही पडेना. छावणीत कुजबुज सुरू झाली की करणी केली आहे. वृंदावनातली एक बाई पकडली गेली, तिनं कबूल केलं की हे मी गोसाव्याच्या सांगण्यावरून केलं. महादजींनी हिंमतबहादराला पकडून आणायला माणसं पाठवली. पकडून नेत असताना तो सटकला आणि जवळच तळ होता अलीबहादराचा, त्यात शिरला आणि पेशव्यांच्या निशाणाखाली जाऊन बसला. शरण आलो म्हणाला.

अलीबहादर म्हणजे बाजीराव-मस्तानीचा नातू. त्याचा बाप समशेरबहादर पानिपतावर जखमी झाला आणि त्या जखमांनीच गेला. त्याच पानिपतावर समोरच्या फौजेत असलेला गोसावी आज अठ्ठावीस वर्षांनी त्याच्या तंबूत आश्रय मागत होता, आणि त्यानं दिला. महादजींनी माणूस परत मागितला, अलीबहादर म्हणाला पुण्याचा हुकूम आल्याशिवाय देणार नाही. ही नुसती शरणागताला अभय देण्याची गोष्ट नव्हती. अलीबहादराला नाना फडणीसांनी उत्तरेत पाठवलं होतं, मदतीला म्हणून, पण महादजींवर लक्ष ठेवायला सुद्धा, आणि महादजींना हे माहीत होतं. गोसावी त्या भांडणाच्या मधोमध सापडला की त्यानं तो मधोमधचा कोपरा स्वतःच शोधून काढला? मला तर त्यानं शोधून काढला असंच वाटतं. चाळीस वर्षं दरबार बघितलेल्या माणसाला कुठल्या तंबूच्या दोऱ्या कुठं बांधल्यात हे बरोबर कळतं. पेशव्यांच्या निशाणाखालून माणूस ओढून नेणं म्हणजे पेशव्यांचा अपमान, ते महादजी करणार नाहीत, आणि नाना महादजींना हवी ती गोष्ट सहजासहजी देणार नाहीत. झालंही तसंच. पत्रं गेली, पत्रं आली, वकील धावले, महिने गेले, आणि गोसावी अलीबहादराकडंच राहिला.

करणीबद्दल एक सांगतो, त्या काळच्या लोकांचा त्यावर विश्वास होता, महादजींचाही होता, आपण आज हसून सोडून देऊ नये, कारण त्या विश्वासावर मराठ्यांच्या दोन मोठ्या सरदारांमध्ये कायमची तेढ बसली, आणि तिचे परिणाम बुंदेलखंडानं भोगले.

कारण आता अलीबहादराला उत्तरेत थांबायला स्वतःचा मुलूख पाहिजे होता, महादजींच्या सावलीत तर राहता येत नव्हतं. बुंदेलखंड त्याला जवळचं, पणजा छत्रसाल, आजी मस्तानी. 1729 ला जैतपूरला बाजीराव मुहंमदखान बंगशाविरुद्ध धावून गेले तेव्हा छत्रसालानं राज्याचा तिसरा हिस्सा दिला ही गोष्ट घराघरात माहीत आहे. पण त्यानंतर छत्रसालाच्या वारसांच्या इतक्या वाटण्या झाल्या की पन्ना, अजयगड, चरखारी, जैतपूर, बांदा, जो तो राजा, जो तो दुसऱ्याच्या जिवावर. हा मुलूख हिंमतबहादराला तळहातासारखा माहीत, तिथंच जन्मलेला, कुठल्या राजाचं कुणाशी पटत नाही, कुठल्या किल्ल्यात धान्य किती, सगळं. त्यानं अलीबहादराला सांगितलं चल, आपण घेऊ. आणि 1790 नंतर दोघं मिळून निघाले.

अलीबहादराकडं पेशव्यांचं नाव आणि छत्रसालाचं रक्त होतं, फौजेचा कणा आणि बातमी गोसाव्याची होती. पुण्याहून पगाराची थैली येत नव्हती, जिंकाल त्यातून खा असा सगळा कारभार. म्हणजे ही सरळ सरळ पार्टनरशिप होती, नोकरी नव्हती. हे मराठी इतिहासात नीट मांडलं जात नाही म्हणून मी जोर देऊन सांगतोय. पार्टनरशिपमध्ये माणसाची निष्ठा धंद्याच्या वाट्यावर असते, मालकाच्या गादीवर नसते.

पहिला मोठा अडथळा होता अर्जुनसिंग पवार, बांद्याच्या अल्पवयीन राजाचा कारभारी, जबरदस्त राजपूत योद्धा, तिकडं आजही नोने अर्जुनसिंग म्हणून नाव घेतात. एप्रिल 1792 मध्ये अजयगडजवळ लढाई झाली आणि अर्जुनसिंग पडला. या लढाईवर पद्माकर कवीनं ब्रजभाषेत हिंमतबहादर विरुदावली लिहिली. आश्रयदात्याची स्तुती आहे, अतिशयोक्ती भरपूर आहे, पण त्यात तोफा-बंदुकांचे आवाज, हत्यारांची नावं, कुठल्या कुळाचे राजपूत कुणाच्या बाजूला उभे होते याच्या याद्या अशा काही येतात की फौजेचं चित्र उभं राहतं. एक गोष्ट त्यात स्पष्ट दिसते, गोसाव्याच्या बाजूनं फक्त नागा नव्हते, वेगवेगळ्या कुळांचे राजपूतही होते. ज्या पोराला दुष्काळात आईनं देऊन टाकलं असं सांगतात त्याच्यासमोर आता कवी भूपती, महाराज म्हणून उभा होता.

त्यानंतर दहा वर्षं नुसती दमछाक. सपाट मुलूख हातात आला, बांदा राजधानी झाली, पण डोंगरी किल्ले आणि रेवा काही वाकेनात. 1796 ला रेव्यावर पाठवलेला यशवंतराव नाईक तिथल्या लढाईत मारला गेला. कालिंजराला वेढा घालून अलीबहादर बसला तो बसलाच, आणि 1802 च्या ऑगस्टमध्ये किल्ला हाती न येताच तिथं मेला.

खरी गडबड इथं झाली. त्याचा थोरला मुलगा दुसरा समशेरबहादर तेव्हा पुण्यात. जागेवर कोण, तर अलीबहादराचा नातलग गनीबहादर आणि हिंमतबहादर. दोघांनी मिळून अलीबहादराच्या लहानग्या मुलाला, झुल्फिकार अलीला, गादीवर बसवलं. समशेर दूर, पोर लहान, कारभार आपल्या हातात, गोसाव्याचा हिशेब सरळ होता. तिकडं पुण्यात काय चाललं होतं बघा, 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज उधळली, दुसरा बाजीराव पळाला, 31 डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या मांडीवर जाऊन बसला. बुंदेलखंडाकडं बघायला कुणाला वेळ होता? आणि मग समशेर उत्तरेत आला, त्यानं गनीबहादराला कैदेत टाकलं आणि गादी घेतली.

आता हिंमतबहादराच्या जागी बसून बघा. भागीदार मेला. ज्या पोराच्या नावानं कारभार चालवणार होता तो बाजूला झाला. नवा मालक त्याला शत्रूच मानणार. शिंदे, नागपूरचे भोसले, होळकर यांचं ठरत होतं की समशेरबहादरानं बुंदेलखंडातून यमुनेपार इंग्रजांच्या मुलखावर, मिर्झापूर-बनारसकडं चालून जायचं, आणि त्यात गोसाव्याची फौज पुढं घालायची. जिंकले तर बुंदेलखंड पक्कं समशेरचं, हा संपला. हरले तर हा त्यांच्याबरोबर संपला. कंपनीच्या कागदांत त्याचं कारण हेच दिलंय, की मराठे जिंकले तर बुंदेलखंडातली आपली सत्ता कमी होईल हे त्यानं ओळखलं. शिवाय त्याचा थोरला भाऊ उमरावगिरी तेव्हा लखनौत अटकेत होता, अवधचा नवाब इंग्रजांच्या मुठीत, त्यामुळं भावाची सुटका करायची तर दार इंग्रजांचंच ठोठवायला लागणार होतं, आणि तो विषय शहापूरच्या बोलणीत आला. फौजेच्या खर्चाला 20 लाखांची जायदाद, स्वतःला गंगा-यमुनेच्या दोआबात जहागीर, भावाची सुटका. धर्म, हिंदवी राज्य, फिरंगी, यातला एकही शब्द त्या हिशेबात नाही.

ऑक्टोबर 1803 मध्ये बांद्याजवळ कबसा इथं समशेरची फौज आणि इंग्रज-गोसावी फौज समोरासमोर आली. समशेर टिकला नाही. काही महिन्यांत त्यानं वर्षाला 4 लाखांची पेन्शन घेतली आणि बांद्यात नवाब म्हणून राहिला. आणि 16 डिसेंबर 1803 ला दुसऱ्या बाजीरावानं वसईच्या तहाला पुरवणी जोडून बुंदेलखंडातला 36 लाख 16 हजारांचा मुलूख कंपनीला लिहून दिला, बदल्यात सावनूर-बंकापूर आणि गुजरातचे आधी दिलेले तुकडे परत घेतले. हे माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात जळजळीत कलम आहे. ज्या बुंदेलखंडात अलीबहादर दहा वर्षं झिजून मेला ते प्रत्यक्ष पेशव्यानंच कागदावर देऊन टाकलं. मग फितूर फक्त गोसावी कसा? त्यानं 4 सप्टेंबरला जे केलं ते त्याच्या धन्याच्या धन्यानं साडेतीन महिन्यांनी शिक्का मारून केलं.

यात कुणाची चूक किती हे मला असं दिसतं. हिंमतबहादर कधीच मराठ्यांचा नव्हता, तो स्वतःच्या चेल्यांचा होता, हजारो तोंडांना रोज खायला घालणं हा त्याचा पहिला धर्म, आणि प्रत्येक मालक बदलताना त्यानं तोच पाळला. पण नानांनी महादजींना शह द्यायला म्हणून त्याला हातात धरलं, अलीबहादराला पैसा आणि माणूसबळ न देता मुलूख जिंकायला सोडलं, आणि अलीबहादर मेला तर जागेवर कोण उभा राहणार याची काही व्यवस्था केली नाही. तेरा वर्षं एवढा मोठा सुभा एका वृद्ध महंताच्या मर्जीवर चालला आणि पुण्यात कुणाला ते खटकलं नाही. नाना 1800 मध्येच गेले, त्यांच्यानंतर तर विचारायलाच नको. गोसाव्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण तसं केलं की महादजी-नाना भांडणाची खरी किंमत काय पडली ते झाकलं जातं, आणि ती किंमत बुंदेलखंड एवढी मोठी होती.

त्याला स्वतःला काय मिळालं? करारानंतर जेमतेम नऊ महिने. जून 1804 मध्ये तो बांद्याला मेला. मुलगा नरेंद्रगिरी लहान होता. इंग्रजांना आता गोसाव्यांच्या फौजेची गरज उरली नव्हती, 20 लाखांची जायदाद फौजेसाठी होती, फौज मोडली की जायदाद परत. पोराच्या वाट्याला कानपूरकडची रसधानची जहागीर आली. नागा शिपाई पांगले. कंपनीच्या राज्यात हत्यारबंद संन्याशांना जागाच नव्हती, खाजगी फौज भाड्यानं द्यायचा सगळा धंदाच तिथं बंद पडला. पुढं आखाडे राहिले ते मठ, जमिनी आणि कुंभाची मिरवणूक यांच्यापुरते. आज शाही स्नानाला घोड्यावर, तलवारी-भाले घेऊन नागा जातात तेव्हा लोक फोटो काढतात, पण त्या भाल्यांमागं असली बुंदेलखंड फिरवणारी फौज होती हे बघणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं.

काशीत उमरावगिरी घाट आहे, वृंदावनात हिंमतबहादराच्या नावाचा घाट होता, आणि पद्माकराचं काव्य हिंदीच्या अभ्यासात अजून आहे. डोंगरी किल्ल्यांचं म्हणाल तर अजयगड इंग्रजांना 1809 ला आणि कालिंजर 1812 ला मिळालं, म्हणजे गोसाव्याची मदत मिळूनही त्यांना पुढची आठ-नऊ वर्षं लागलीच, सगळा दोष एका फितुरीवर टाकणाऱ्यांनी हे पण मोजावं.

बांद्याची गादी 1823 ला समशेर गेल्यावर त्याच झुल्फिकार अलीकडं आली, ज्याला हिंमतबहादरानं लहानपणी बसवलं होतं. त्याचा मुलगा दुसरा अलीबहादर 1857 ला उठला, तात्या टोपे आणि झाशीच्या राणीबरोबर काल्पीला लढला, बाजीराव-मस्तानीचं रक्त शेवटी पेशव्यांच्याच निशाणाखाली परत आलं. हरल्यावर इंग्रजांनी बांदा जप्त केलं आणि नवाबाला पेन्शन देऊन इंदूरला ठेवलं, तो 1873 ला गेला.